चौदा नंबरचा आवाज

मला मशीनमधलं कळतं, ही माझी जुनी घमेंड. धाराशिवात कुणाचा मिक्सर बंद पडो की कुणाचा ॲम्प्लिफायर, "रुद्रेशला दाखवा" असं लोक म्हणतात आणि मी ते नम्रपणे ऐकून घेतो; म्हणजे मान खाली, छाती वर. त्या घमेंडीनंच हे सगळं झालं. दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नाही.

आमचा बँड तिघांचा. रणधीर गिटार वाजवतो आणि गातो, महेश्वरी ड्रम वाजवते आणि आम्हा दोघांना दम देते, कीबोर्डवर मी. ऐंशीच्या दशकातली रॉक गाणी जशीच्या तशी वाजवायची, हा आमचा बाणा. सोलापूरच्या एका मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा रणधीर हटून बसला. लॅपटॉपमधून काढलेला आवाज त्याला चालेना. "त्या काळचा सिंथेसायझरच पाहिजे, आवाज अस्सल पाहिजे," असं घोकत राहिला. पुण्यात एक चकचकीत सिंथ पाहिला, तर त्याची अर्धी बटणं बदललेली निघाली. मग कळलं, भूमच्या बलभीमअण्णांकडं एक जपानी सिंथ आहे, पस्तीस वर्षं एकाच माणसानं वाजवलेला.

बलभीमअण्णा सत्तरीचे. तरुणपणी ऑर्केस्ट्राबरोबर जत्रा-जत्रांतून हिंडलेले. आता बोटं आखडलीत, सिंथ वाजवणं जमत नाही. पण कान असा, की आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या सूर लावून घ्यायला त्यांच्याकडंच येतात. त्या दिवशीही ओसरीवर तीन पेट्या उघड्या पडल्या होत्या. अण्णांनी सिंथवरची चादर काढली. मी पट्ट्या दाबून पाहिल्या, बटणं फिरवली. मशीन खणखणीत होतं. मनातल्या मनात मी ते सोलापूरच्या स्टेजवर नेऊन ठेवलंसुद्धा.

"बघा निवांत. म्या चहाचं सांगून येतो," म्हणत अण्णा आत गेले.

जुना सिंथ घेताना आतली बॅटरी पाहावी. ती पाझरली असली तर मशीन आतून खाऊन टाकते. मी स्क्रू काढले. नाण्याएवढी बॅटरी जुनाट दिसत होती आणि माझ्या खिशात नवी होती. ती बदलली की वाजवणाऱ्यानं साठवलेले आवाज पुसले जातात, हे मला ठाऊक होतं. माझं पाप इथंच आहे. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. जत्रेतल्या ऑर्केस्ट्रावाल्यानं असं काय साठवलं असणार, नागाची पुंगी आणि आरतीच्या घंटा, असा विचार करून मी जुनी बॅटरी उपसली आणि नवी बसवली. दोन मिनिटांचं काम. आवाज साठवायचे चौसष्टच्या चौसष्ट खाने रिकामे झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथं बैल दुसऱ्याचा होता.

चहा घेऊन अण्णा बाहेर आले. "घेऊन जा तुमी. बाकीचे आवाज पुसले तरी चालंल. चौदा नंबर तेवढा ठेवा," म्हणाले.

"त्यात काय हाय?" मी विचारलं.

"आमचा शंभू. धाकटा भाऊ. सनई वाजवायचा. दम्यानं छाती भरली, फुंकणं बंद झालं, तवा महिनाभर माज्या शेजारी बसून त्यानं हा आवाज करून घेतला. 'दादा, आजून थोडी नाकात घे.' 'दादा, आता धार लई झाली.' काम झालं आन दोन महिन्यांत गेला. त्याची एक कॅसेटसुद्धा न्हाय माज्याकडं. सोनारीच्या जत्रंआधी एकदा आणून ऐकवा, बास."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तो खाना जरा अडकतोय अण्णा. सफाई करून आणतो." आणि सिंथ उचलून बाहेर पडलो.

घरी आल्यावर रणधीर सिंथला ओवाळायचाच बाकी होता. "अस्सल आवाज" म्हणून तो नाचायचा आणि मला दर वेळी थोबाडीत बसायची. चोराच्या मनात चांदणं. महेश्वरी नुसती माझ्याकडं बघायची तरी वाटायचं, हिला कळलं. सोलापूरला टाळ्या पडल्या, मला त्या ऐकवल्या नाहीत. पुढं पंधरा दिवस मी रोज दुपारी सनई जुळवत बसलो. तुळजापूरला एका सनईवाल्यापुढं जाऊन तास तास कान लावला. कधीही न ऐकलेल्या माणसाचा आवाज मी बनवत होतो. शेवटी जमली ती सनई, खोटं कशाला बोलू, चांगली होती. मी ती चौदा नंबरात ठेवली.

जत्रेच्या चार दिवस आधी सिंथ घेऊन भूमला गेलो. अण्णा धुतलेला सदरा घालून वाट बघत बसले होते. मी चौदा नंबर लावला आणि वाजवू लागलो. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं कपाळाला आठ्या पडल्या.

"परत वाजवा."

परत वाजवलं. त्यांनी कान पुढं केला, तळवा कानामागं धरला. तिसऱ्यांदा वाजवून झालं तेव्हा ते हसले, पण ते हसणं बघवेना.

"सनई हाय," ते म्हणाले. "पर शंभू ऐकू येईना मला. मशीन काय बदलत न्हाय. म्हंजे माजा कानच गेला."

"तसं न्हाय, अण्णा..."

"गेलाच. सख्ख्या भावाचा आवाज वळखंना." त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली. "उमादेवी, सोनारीच्या भजनी मंडळाला फोन लाव. त्यांची पेटी तशीच परत न्या म्हणावं. कान गेलेल्या माणसानं लोकांचे सूर बिघडवू न्हायत."

उमादेवी फोन घेऊन बाहेर आली. मी गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. कुणाला कधीच कळलं नसतं. पण आधी या माणसाचा भाऊ पुसला, आता त्याचा कानही काढून घेत होतो; मला ते सहन होईना.

"फोन लावू नका," मी म्हणालो. "अण्णा, तुमचा कान ठीक हाय. ह्यो शंभू न्हायच. ही मी केलेली सनई हाय. तुमी चहाचं सांगायला आत गेलावता, तवा मी बॅटरी बदलली. चौदा नंबर त्याच दिवशी पुसला गेला."

अण्णांचा चेहरा फुलला. खरंच फुलला. "म्हंजे कान हाय माजा?" ते उमादेवीकडं वळले. "ऐकलंस का? कान शाबूत हाय! म्या म्हनलंच, हा आपला शंभू न्हाय!" आणि ते मोठ्यानं हसले.

उमादेवी हसली नाही.

हळूहळू अण्णांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मग शंभू कुठं हाय?" त्यांनी विचारलं.