खिडकी उघडी ठेवणे

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"खिडकी नाहीये," इस्त्रीवाली म्हणाली.

शेजारच्या टेबलावर सुया लावत बसलेल्या सिस्टरच्या हातातून ट्रे निसटता निसटता राहिला. "नाहीये म्हणजे?"

"होती की. घरमालकांनी पलीकडे गोदाम बांधलं तेव्हा विटा लावून बुजवली. झाली सहा वर्षं."

मोफत सल्ला द्यायला वकीलबाई दर मंगळवारी दवाखान्यात बसू लागल्या, ते सिस्टरना मुळातच पटलं नव्हतं. "इथं माणसं खोकायला येतात, भांडायला नाही," असं त्यांनी डॉक्टरांना सुनावलंही होतं. औषधानं न जाणारे आजारही असतात, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि वकिलीचं टेबल इंजेक्शनच्या खोलीत येऊन बसलं.

इस्त्रीवालीची मुलगी सात वर्षांची, छातीत सदा घरघर. दर खेपेला सिस्टर मोत्यासारख्या अक्षरात केसपेपरवर शेवटची ओळ लिहीत, 'खोलीची खिडकी उघडी ठेवणे.' नुसतं लिहून भागतंय थोडंच? बोट नाचवत सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगतही. इस्त्रीवाली मान डोलवायची. हो सिस्टर.

"अगं बाई, मग इतकी वर्षं तोंडाला काय कुलूप लावलं होतंस?"

"तुम्ही चारचौघांत सांगायचात. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?" इस्त्रीवाली ओशाळून हसली. "आणि तुम्ही विचारलं कुठं?"

सिस्टरना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वकीलबाईंनी मालकाविरुद्ध तक्रार केली, पोरीच्या आजाराचा पुरावा म्हणून केसपेपर जोडले. मालकाचं उत्तर आलं ते वाचून त्यांनी सिस्टरना बाजूला बोलावलं. त्यात लिहिलं होतं, खिडकी शाबूत होती, तीन महिन्यांखाली या बाईनंच ती बुजवली. इमारतीचं नुकसान केलं म्हणून खोली खाली करून द्यावी. पुरावा? दवाखान्याचेच कागद.

"माझे?" सिस्टरनी विचारलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे मालकाच्या वकिलानं तो गठ्ठा हौसेनं उलटून दाखवला. "साहेब, एकोणीस वेळा लिहिलंय. एकोणीस! नसलेली खिडकी उघडी ठेवायला कोण शहाणा सांगेल?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. इस्त्रीवालीनं पोरीचा हात घट्ट धरला होता. खोली गेली तर इस्त्रीचं टेबल मांडायचं कुठं आणि पोरीला निजवायचं कुठं?

सिस्टरच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. एकोणतीस वर्षांत कामावर एक ताशेरा नाही. खिडकी आहे असं बाईनंच मला सांगितलं होतं, एवढं एक खोटं बोलल्या असत्या तर अंगावर काही आलं नसतं. त्या उठल्या.

"मीच ती शहाणी, साहेब. एकदाही विचारलं नाही. सगळ्यांना तेच लिहिते. सवयीनं."

"न विचारता लिहिलंत?"

"एकोणीस वेळा."

या खेपेला कुणी हसलं नाही. साहेबांनी ते शब्दशः उतरवून घेतलं आणि इस्त्रीवालीकडे वळून विचारलं, "मग सिस्टर सांगायच्या तेव्हा तुम्ही घरी जाऊन काय करायचात?"

"दार उघडं ठेवायची रात्रभर. सिस्टर म्हणाल्यात हवा पाहिजे, म्हणजे पाहिजेच ना." ती काही विशेष सांगते आहे असं तिच्या आवाजावरून वाटत नव्हतं. "गल्लीतलं कुणी आत शिरू नये म्हणून मी दारात आडवी व्हायची."

"थंडीतही?"

"तेव्हाच तर पोरीची छाती जास्त भरते."

सिस्टर खाली बसल्या. सहा वर्षं! पुढचं त्यांनी अर्धवटच ऐकलं. साहेब खोली पाहायला स्वतः जाणार होते, तोवर खोली खाली करायची नाही असंही म्हणाले. वकीलबाईंनी सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला. सिस्टरच्या डोळ्यांपुढे दुसराच एक केसपेपर होता.

तिथून त्या घरी गेल्याच नाहीत. दवाखाना बंद व्हायला अजून तास होता. कपाटातून त्यांनी इस्त्रीवालीचा स्वतःचा कागद काढला, पोरीचा नव्हे. दर हिवाळ्यात एक नोंद, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात. पाठ व कंबर आखडते. गोळ्या दिल्या. गोळ्या दिल्या. गोळ्या दिल्या. एकदा तर, 'जड उचलू नये असे बजावले.'

कारणाचा रकाना सहाही वर्षं कोरा होता.

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'खिडकी नव्हती. दारात निजत होती.' जागा पुरेना, तेव्हा समासात जाऊन लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून.' आणि खाली सही केली. अक्षर काही नीट आलं नाही.