माझं नाव काहून

मित्रांनो, मी एक जुना प्लगइन आहे आणि आज मला पुसून टाकणार आहेत. कामिनीनं एक बटण दाबलं की मी संपलो. तेवढ्यात जमेल तसं सांगतो, मागेपुढे झालं तर समजून घ्या.

मनीषनगरातल्या एका ऑफिसात माझा जन्म झाला. इथली सगळी ॲप्स आणि लायब्रऱ्या, म्हणजे अनेक ॲप्सनी मिळून वापरायचे तयार तुकडे, एकाच मोठ्या घरात राहतात. त्या घराला मोनोरेपो म्हणतात. एका लायब्ररीला कोणी हात लावला की भलतंच ॲप आजारी पडायचं. मग ऑफिसचे प्रमुख वसंतसर प्रोग्रामर भैरवीच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "हे काहून बंद पडून राहिलं वं?"

भैरवी सावनेरची. रोज तेच ऐकून ती कंटाळली आणि तिनं मला घडवलं. कोण कोणावर अवलंबून आहे ते बघायचं, आणि कोणाचं बिघडणार असेल तर काम अडवून लाल अक्षरांत सांगायचं, एवढंच माझं काम. नाव ठेवलं 'काहून', म्हणजे 'का', पण लिहिलं इंग्रजी अक्षरांत. "आता मले नका विचारू सर, त्याले विचारा," ती म्हणाली. सर मनापासून हसले. त्या दिवसांत माझं फार कौतुक व्हायचं.

पुढे सर निवृत्त झाले, भैरवी दुसरीकडे गेली. माझ्याकडे कोणी लक्ष देईना. अडवणारा कोणाला आवडतो म्हणा!

आज सकाळी भोपाळहून आलेल्या मोहितनं तारखेच्या लायब्ररीत बदल केला. आधी दिवस, मग महिना असायचा. त्यानं महिना आधी घेतला. डायलिसिसची पाळी कळवणारं ॲप याच लायब्ररीवर चालतं. कोराडीच्या वच्छलाबाई त्यात तारीख बघूनच बस पकडतात. त्यांची पाळी पाच मार्चची आहे, आता तिथं तीन मे दिसेल. मित्रांनो, त्यांचं शरीर मेपर्यंत थांबणार नाही. मी लगेच काम अडवलं, लाल झालो, त्या ॲपचं नावही लिहिलं.

"उसको तो मैंने हाथ भी नहीं लगाया," मोहित म्हणाला. मग त्यानं माझं नाव हिंदीत वाचलं. "कहूँ? किसीने मज़ाक में बनाया होगा." हा बिघडलाय असं ठरवून त्यानं मला काढायला घेतलं. दुसऱ्या कोणाचा होकार लागतो, म्हणून शेजारच्या कामिनीला विचारलं.

कामिनी इथलीच. घरी ती माझ्या नावाचीच भाषा बोलते, पण ऑफिसात ती भाषा तिच्या तोंडून चुकूनही येत नाही. तिनंही माझं नाव मोहितसारखंच वाचलं. मी किती ओरडू? मला लाल होण्यापलीकडे काही येत नाही.

आत्ताच तिच्या आईचा फोन आला. "काहून वं, सकाळपासून फोन काहून नाही उचलून राहिली?"

"कामात आहे, नंतर बोलते," ती हळूच, अगदी शुद्ध बोलली. फोन ठेवला. बोट पुन्हा बटणाकडे निघालं आहे.

मित्रांनो, तुम्हाला कोणी अडवलं तर रागावा, पण त्याला पुसण्याआधी कारण विचारा. आणि कामिनी, आईनं आत्ता उच्चारला तोच शब्द तुझ्यासमोर लाल होऊन उभा आहे. मोठ्यानं वाच नं वं एकदा. काहून?