चष्मेवाल्याची पाटी

चष्मेवाला माणूस तसा सोन्यासारखा, पण बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. इतका भिडस्त, की आरशासमोरून जाताना आपल्यालाच वाट देऊन बाजूला व्हायचा! आणि अशा माणसाने भर चर्चमध्ये हात वर केला होता. पाळकसाहेबांनी विचारलं, "येशूची सुवार्ता एकाला तरी कोण सांगेल?" तर याचाच हात सगळ्यात उंच. आता येत्या रविवारी उभं राहून सांगायचं होतं, कोणाला सांगितलं ते.

"तीन रविवार झाले," बायको म्हणाली. "तुमचं आपलं उद्या, उद्या. चौथ्या रविवारी काय, खांबामागे लपणार?"

त्याच रात्री त्याला युक्ती सुचली. डोळे तपासायची अक्षरांची पाटी त्याने उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने लिहिलं. वर हाताएवढ्या अक्षरांत 'ऐका'. खाली जरा बारीक, 'येशूचं तुमच्यावर प्रेम आहे'. त्याखाली आणखी बारीक, 'हरवलेल्याला तो शोधत येतो'. आणि तळाला मुंगीएवढं, 'दार उघडा, तो आत येईल'.

झालं! जो खुर्चीत बसेल तो आपल्याच तोंडाने सुवार्ता वाचणार. याला तोंड उघडायलाच नको. सोमवारी अकरा जणांनी वाचली, मंगळवारी सतरा. गडी शीळ घालत काचा पुसायला लागला.

पण बाकावर बसलेल्यांचं काय? आपला नंबर येईपर्यंत त्यांच्या कानावर तेच, तेच आणि तेच. खुर्चीत बसेपर्यंत चारही ओळी तोंडपाठ! दिसो न दिसो, सगळे घडाघडा म्हणायचे आणि हा खूश होऊन चष्म्याचा नंबर लिहून द्यायचा.

आठवडाभरात गावाची कळा बघण्यासारखी झाली. गवंड्याने बांधलेली भिंत इतकी कलली, की तिच्यावर बसलेली कबुतरं घसरगुंडी खेळायला लागली. पोस्टमन तर एक पत्र बकरीच्या हातात देऊन आला आणि वर सहीही घेऊन आला म्हणे!

शनिवारी शिंपीमामा दुकानात थडकले. अंगात नवा कोट. त्याला बाह्या तीन.

"हे बघ तुझ्या चष्म्याचे प्रताप!"

"पण मामा, तुम्ही तर शेवटची ओळसुद्धा वाचलीत..."

"वाचली कुठे, गाढवा? म्हटली! पाऊण तास बाकावर बसून राघूला पाठ होईल, मी तर माणूस आहे!"

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. मुकाट्याने पाटी फिरवली, जुनी अक्षरं पुढे आणली आणि मामांना पुन्हा बसवलं. दुसऱ्या ओळीच्या खाली मामांना काही म्हणजे काही दिसेना. एक काच घाल, दुसरी काढ, असं चाललं असताना मामा हळूच म्हणाले, "मागच्या बाजूला लिहिलंयस ते... खरं आहे का रे? तुला आला होता शोधत?"

याने हातातली काच खाली ठेवली. आता पाटी बोलणार नव्हती.

"आला होता, मामा," तो म्हणाला. "दादाशी सात वर्षं अबोला होता माझा. एका सकाळी प्रार्थनेला बसलो, तर येशूपुढे दादाशिवाय दुसरं काही सुचेचना. रडलो. उठलो तो तसाच अनवाणी दादाच्या दारात. सगळा राग कुठे गेला, तो अजून सापडलेला नाही."

"अरे! मला वाटलं, सूनबाईने समजूत घातली असेल."

"मी?" पडद्यामागून बायको बोलली. "मी तर सात वर्षं आगीत तेल ओतत होते!"

मामा खूप हसले. मग चष्मा पुसला. मग उगाच पुन्हा पुसला.

सोमवारी सगळ्या गिऱ्हाइकांना परत बोलवायचं ठरलं. पण आधी आला रविवार. पाळकसाहेबांनी नजर टाकली तसा चष्मेवाला उभा राहिला. बायकोने शिकवलेलं छान वाक्य त्याने तोंडात आणलं आणि ते तिथेच अडकलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, जिथे आजवर कधी चर्चची पायरी न चढलेले शिंपीमामा बसले होते, एक रिकामी बाही झेंड्यासारखी हलली.

"पाठ केलेलं नको रे," मामा ओरडले, "दिसलेलं सांग!"

आणि त्याने सांगितलं. इतकं सांगितलं, की शेवटी बायकोलाच त्याचा सदरा ओढून खाली बसवावं लागलं.