बाईसाहेब आणि दादाची बोटं

आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात एक रीत होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पडद्यामागे टेबलाशी बसायचा आणि मी पुढे गिऱ्हाईक सांभाळायची. कोणी घड्याळ न्यायला आलं की मी मान न वळवता विचारायची, "झालं का?" आतून उत्तर यायचं, "झालं," नाहीतर, "परवा." झालं म्हणजे झालं. ते घड्याळ मी कधी कानाला लावलं नाही, काटे फिरतात का ते पाहिलं नाही. कागदात गुंडाळायचं आणि हातात द्यायचं. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "बाई, बघून तरी द्या." मी म्हटलं, "शंका असेल तर चार दुकानं पलीकडे जा, तिथे बघून देतात आणि आठ दिवसांनी परतही घेतात." माझ्या नाकावर राग तेव्हाही होता, आताही आहे.

आम्ही दोघंही बिनलग्नाची राहिलो. दादाला कोणी पसंत पडेना आणि मला कोणी पसंत करेना, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं तर उलट होतं. दुकानाच्या वर दोन खोल्या, मागे न्हाणीघर, एवढा संसार. फार सुखाचे दिवस होते ते, आणि मी तेव्हाही ते ओळखून होते. उगाच नंतर कळलं असं म्हणणार नाही.

बाईसाहेब आम्हाला मागच्या पायरीखाली सापडल्या. कुठल्यातरी गाडीने मागून ठोकरलेलं करड्या रंगाचं मांजर, पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तिथवर आलेलं. जनावरांचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, मणका गेलाय. मागचे पाय कायमचे गेले. लघवीसुद्धा आपली आपण होणार नाही, दिवसातून तीनदा पोट दाबून काढावी लागेल. जमणार नसेल तर इंजेक्शन देऊन झोपवू.

मी म्हटलं, द्या इंजेक्शन. लपवून काय करू, तेच म्हटलं होतं मी. दादा म्हणाला, "कसं दाबायचं ते दाखवा."

एका दिवसात शिकला तो. केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवणारी बोटं ती, त्यांना काय अवघड. मी एकदा प्रयत्न केला तर बाईंनी माझ्या मनगटात दात रुतवले. "ज्याची हौस त्याने फेडावी," म्हणून मी मोकळी झाले. माझ्याकडे मासळी उकडणं आणि फडकी धुणं. फरशीवरून मागचं धड ओढत ती अशा तोऱ्यात निघायची की गिऱ्हाईक बाजूला सरून वाट द्यायचं. बाईसाहेब हे नाव तेव्हाच पडलं, आणि ते मीच ठेवलं.

दुकानातली रीत आपोआप घरात आली. सकाळी साडेसहाला दादा तिला घेऊन न्हाणीघरात बसायचा. मी चहा गाळता गाळता विचारायची, "झालं का?" तो म्हणायचा, "झालं." दुपारी तेच, रात्री झोपण्यापूर्वी तेच. सात वर्षं.

त्या गुरुवारी बाईसाहेब मासळीला आल्या नाहीत. दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या खुर्चीजवळ दोनदा ओकल्या आणि तिथेच आडव्या झाल्या. उचलायला गेले तर पोट दगडासारखं लागलं. दादा एक लेडीज घड्याळ उघडून बसला होता, ते तसंच टाकून उठला. धुण्याच्या टोपलीत टॉवेल घालून तिला ठेवलं आणि शेजारच्या पाववाल्याला हाक मारली. त्याची गाडी दारातच उभी होती. बिचारा पिठाच्या हातांनीच बसला चालवायला. वाटेत त्याने दोन विनोद केले, कोणी हसलं नाही, मग तो नुसता हॉर्न वाजवत राहिला.

दवाखान्यात म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जागी आता एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोटावर हात ठेवला, छातीला नळी लावून ऐकलं आणि नर्सला म्हणाल्या, "हिला आधी घेऊ." मग मला विचारलं, "लघवी शेवटची कधी काढलीत?"

"आज सकाळी साडेसहाला. माझा भाऊ काढतो. त्याच्या हाताला तोड नाही, सात वर्षांत..."

"नाही हो. निदान दोन दिवस हिचं मूत्राशय रिकामं झालेलं नाही."

मला असा राग आला. कालची पोर, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "फडकी रोज ओली असतात. मी स्वतः धुते."

"भांडं काठोकाठ भरलं की सांडतंच ना? तसं झालंय. थेंब थेंब बाहेर येत होतं आणि आत साठत होतं." त्या शांतपणे बोलत होत्या, हात चालूच होते. "रक्तात विष चढलंय. ठोके मंद झालेत. नळी घालून रिकामं करते, सलाइन लावते. पुढचे दोन तास काढले तर वाचेल."

मी दादाकडे वळले, त्याने या बाईला चार शब्द सुनवावेत म्हणून. तो स्टुलावर बसला होता आणि गुडघ्यांवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत होता.

"बोटांना कळत नाही गं," तो म्हणाला. "टोकं बधिर झालीत. दीडेक महिना झाला. दाबलं की थोडी यायची, मला वाटायचं संपली."

"दीड महिना? आणि घड्याळं कशी करतोस?"

"ती भिंगातून दिसतात. पोटातलं काय दिसतंय?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दुकान बंद करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं!"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी तिथल्या तिथे, त्या नर्ससमोर, त्याला म्हटलं, "तुझ्या झाकल्या मुठीपायी त्या मुक्या जनावराचा जीव चाललाय." तो उठला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. साठ वर्षांत मी त्याला कमी का बोलले असेन, पण ते एक वाक्य मला अजून परत घ्यावंसं वाटतं. पाववाला त्याच्याशेजारी जाऊन बसला. माझ्याच्याने जाववलं नाही.

दोन तास मी त्या टेबलाजवळ उभी राहिले. सलाइनचा थेंब पडायचा, ठोके मोजणारं यंत्र मध्येच टिक करायचं, आणि दोन टिकांच्या मध्ये इतका वेळ जायचा की माझा जीव वरखाली व्हायचा. इंजेक्शन द्या म्हणणारी मीच, आणि आता तिच्या पंजावर बोट ठेवून आर्जवं करत होते, जाऊ नका हो बाईसाहेब, मासळी उकडलेली तशीच पडलीय. तीन वाजता डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ठोके सुधारताहेत.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "हिला तीन दिवस इथे ठेवते. पण घरी कोण दाबणार? हे पुन्हा झालं तर मला काही करता येणार नाही. कोणी नसेल तर तसं सांगा. तिचे हाल करण्यापेक्षा..."

"मी दाबीन," मी म्हटलं.

"मग रविवारी मला करून दाखवा."

ते तीन दिवस घरात आमचं बोलणं कामापुरतं झालं. वाढू का, वाढ. दिवा घालवू का, घालव. रविवारी तो आला बरोबर, पण दवाखान्याच्या दारातच उभा राहिला. मी बाह्या सरसावल्या आणि पोट चाचपायला लागले. नुसतं मऊ मऊ लागत होतं, काय आतडं आणि काय मूत्राशय, कोण सांगणार. बाईसाहेब गुरगुरल्या. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "नसेल जमत तर राहू द्या, आजी." हे राहू द्या म्हणजे काय ते मला कळत होतं.

तेव्हा दादा आत आला. हात पाठीमागे बांधून माझ्या खांद्यामागे उभा राहिला आणि बोलायला लागला.

"इतकी पुढे नको. बरगड्या सोड, मागे ये. आणखी. आता दोन्ही हात समोरासमोर आण. लिंबाएवढं काहीतरी निसटेल बघ."

"निसटलं."

"तेच. पकडू नकोस, पळतं ते. ओंजळीत घे. थांब. तिने श्वास सोडला की दाब. सोडलान. दाब."

आणि आली. भरभरून, ताटलीत आवाज करत आली. मी रडले. सरळ रडले, हात मोकळे नव्हते म्हणून डोळेही पुसता येईनात. दादा म्हणाला, "अजून आहे, सोडू नकोस."

पंधरा दिवसांनी त्याने आपणहून दुकान बंद केलं. ज्यांची घड्याळं होती त्यांना घरी नेऊन दिली. मी एक शब्द बोलले नाही, माझ्या मानाने फारच झालं ते. त्यानंतर एका सकाळी बाईसाहेबांचं आटोपून मी उठले, तर तो शर्ट घालून दारात उभा. समोरची बाजू सगळी उघडी. माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाला, "एवढी बटणं लावून दे." ज्याने जन्मात कोणाकडे पाण्याचा पेला मागितला नाही, तो हे मागत होता. मी लावून दिली. वरचं बटण लावताना म्हटलं, "पोट सुटलंय तुझं." तो म्हणाला, "दाबून बघतेस का?"

चार वर्षं तसं चाललं. आधी गरम पाण्याने हात धुवायचे, कारण गार हात बाईसाहेबांना खपत नसत. मग बाईसाहेब, मग दादाची बटणं, पुढे पुढे त्याचा घासही. दादा थंडीत गेला, बाईसाहेब पुढच्या उन्हाळ्यात.

पाववाला म्हणतो, "सुटलात हो ताई, किती केलंत, आता आराम करा." भला माणूस आहे, त्याच्यावर काय चिडायचं. साडेसहाला मला जाग येते. मी पाणी तापवते, हात धुते, कोरडे करते, आणि मग ते मांडीवर ठेवून बसते.