शनिवारचे आजोबा

नानांनी पत्र्याच्या हत्तीला चावी भरली, त्याला टेबलावर उभं केलं आणि मोबाइल धरून समोर उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं.

"बोलू?"

"बोला ना. सुरू आहे."

"तर मंडळी, हा हत्ती. याला सोंड हलवायला लावते ती ही... ही..." नाना थांबले. हत्तीच्या पोटाखालच्या चावीवर त्यांनी बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "हे काय असतं गं?"

लेकीने मोबाइलच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता.

"चावी, नाना."

"हां. चावी." ते ओशाळं हसले आणि हात उगाचच सदऱ्याला पुसला. हत्ती मात्र सोंड हलवत डुलत निघाला.

हे तीन खोल्यांचं खेळण्यांचं संग्रहालय नानांनीच उभं केलेलं. दुकान सांभाळता सांभाळता लोकांनी टाकून दिलेली खेळणी त्यांनी जमवली आणि एकेक चालती केली. साथ आली, दारं बंद झाली. खोल्या ज्या मंडळाच्या, त्यांना जागा आधीपासूनच परत हवी होती. कोणी फिरकतच नाही, मग जागा अडवून काय करायची, हे कारण त्यांना आयतंच सापडलं. म्हणून लेकीने दर शनिवारी मोबाइलवरून थेट खेळणी दाखवायला सुरुवात केली. बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही आत्या दोन फोनवरून बघायची.

हत्तीनंतर सगळंच पालटलं. सकाळ व्हायच्या आत तेवढाच तुकडा या फोनवरून त्या फोनवर पोचला होता. 'किती गोड आजोबा!' 'माझे आजोबा असेच होते.' कोणीतरी त्यांना 'शनिवारचे आजोबा' म्हटलं आणि तेच नाव पडलं. वर्तमानपत्रात फोटो आला. मंडळाच्या चिटणिसांनी आपणहून फोन केला. "तुमचं चालू द्या हो. आम्ही काय परके आहोत?"

त्याच आठवड्यात लेक नानांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. येताना नाना रिक्षात म्हणाले, "डॉक्टरचं घड्याळ मागे पडतंय. सांगायला हवं होतं."

तिने ते हसण्यावारी नेलं. शनिवारी मात्र टेबल मांडताना तिने पत्र्याच्या माकडापुढची नावाची पाटी उचलून खणात टाकली. नाना माकडापाशी अडले, बघणारे हळहळले, खूश झाले. पुढच्या शनिवारी तिने मुद्दाम विचारलं, "नाना, हे कोणी दिलं होतं आपल्याला?" देणाऱ्याचं नाव सकाळी चहाच्या वेळीही त्यांना आठवलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

आत्या भावाला बघायला आली, ती नेमकी टेबल मांडायच्या वेळी.

"पाटी कुठे गेली?"

"मोबाइलमध्ये चमकते, आत्या."

आत्याने खण उघडला, सगळ्या पाट्या पाहिल्या आणि बंद केला. "तो तुझा बाप आहे," ती म्हणाली. "खेळणं नव्हे."

"जागा गेली तर हे सगळं मी कुठे ठेवू? तुझ्या माळ्यावर?"

आत्याचा माळा भरलेला होता. ती पदर सावरत भावाशेजारी जाऊन बसली. पण त्या दिवसापासून तिचे दोन्ही फोन शनिवारी बंद असायचे.

मग एक शनिवार असा आला की नाना लख्ख होते. आगगाडीची स्प्रिंग, तिचे दाते, ती कोणाच्या अडगळीत मिळाली, दुरुस्तीला किती खटपट करावी लागली, सगळं घडाघडा सांगितलं. लेकीने दोनदा मध्येच तोडून पाहिलं, पण गडी बधला नाही. बघणारे एकेक करून उठून गेले. 'आज मजा नाही आली,' एकाने लिहिलं. कित्येक वर्षांत नाना इतकं सुरेख बोलले नव्हते आणि ती मात्र तोंड पाडून दिवे मालवत फिरत होती. नाना खुर्चीतून तिच्याकडे बघत राहिले.

पुढच्या खेपेला ते आधीच तयार होऊन बसले. केस चापून विंचरलेले, सदरा इस्त्रीचा. टेबलावर ढोल वाजवणारं अस्वल होतं. लेकीने मोबाइल स्टँडला लावला, तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं,

"आज कुठे अडायचं?"

तिने स्टँडवरचा मोबाइल उगाचच सरळ केला.

"आधी सांगून ठेव," नाना म्हणाले. "मागच्या वेळी तू खट्टू झालीस. नीट बोललो की जागा जाते, असंच ना?"

"नाही नाना. तुम्ही... तुम्ही नीटच सांगा."

"बरं," ते म्हणाले. पण समजूत घातल्यासारखं तिच्या मनगटावर थोपटलं.

तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली, बटण दाबलं. माणसं जमू लागली. नानांनी अस्वलाचं नाव सांगितलं, वय सांगितलं, ढोलाची कातडी आपण स्वतः बदलली तेही सांगितलं. मग चावीला हात घातला आणि थांबले. शोधल्यासारखं टेबलावर पाहिलं, छताकडे पाहिलं. पडद्यावर पसंतीचे लाल बदाम भराभरा उडू लागले. वा नाना, तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

नाना अजून थांबलेलेच होते. आता ते मोबाइलच्या वरून थेट तिच्याकडे बघत होते. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. हे ठरवून चाललंय की खरंच, ते तिला कळेना. शब्द तिच्या जिभेवर होता.

बदाम वाढतच होते. तिने आणखी थोडं थांबायचं ठरवलं.