रेणुकाच्या खांद्यावरची लेन्स

"श्वास तरी जरा बेताने घे गो. पाखरू हलतंय की तू, तेच कळत नाहीये."

सुहास अगदी तिच्या कानाशी पुटपुटला. रेणुकाने श्वास धरून ठेवला. मांडवीच्या जेटीवर ती समुद्राकडे तोंड करून उभी होती. खांद्यावर घडी घातलेला पंचा, पंच्यावर दुकानातून बघायला आणलेली लांबलचक लेन्स, आणि मागे नवरा. तो सामन्यांचे फोटो काढायचा, तेव्हा लग्न झाल्यापासून कबड्डीच्या मैदानांच्या कडेला ती अशीच बसत आली होती. "बायको असताना लोखंडाचा स्टँड कशाला?" असं तो चारचौघांत म्हणायचा. तिला राग यायचा. थोडा अभिमानही वाटायचा.

क्लिक झालं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर समुद्री घार ओल्या फडक्याने पुसल्यासारखी उमटली.

"हिचं वजनच फार आहे, काका," शार्दूल म्हणाला. कॅमेऱ्याचं दुकान त्याचं. शाळेत असताना तो कबड्डीत चढाईला गेला होता, तेव्हा सुहासने टिपलेला त्याचा फोटो अजून गल्ल्यामागे टांगलेला होता. "ही शंभर-चारशे मिलिमीटरची बघा. हलकी आहे. खेळाला पण चालेल, पाखरांना पण. आणि आत स्टॅबिलायझर आहे. म्हणजे समजा हात..." तो अडखळला. "समजा वारा असला, तरी फोटो स्थिर."

"वारा आहेच आज," रेणुका म्हणाली.

होड्यांवरची निशाणं काठ्यांना चिकटून लोंबत होती. तिघांपैकी कोणीच तिकडे बघितलं नाही.

रविवारी खेडला कबड्डीची स्पर्धा होती. मागच्या वेळचे सगळे फोटो हललेले निघाले होते आणि तिथल्या मंडळाने कुणाच्या तरी मोबाइलमधले छापले. जुनी लेन्स दमली, असं म्हणून सुहासने ती कपाटात टाकली. यंदा मंडळाचा फोन आला तो जरा घुटमळतच. आता हे फोटो बिघडले, तर पुढे फोन येणार नव्हता.

हलकी लेन्स खांद्यावर आली. जड होती ती निदान दाबून बसायची. हिच्याखाली रेणुकाला सगळं कळत होतं. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला पाठ टेकली की जशी अंगात उतरते, तशी बारीक, न थांबणारी थरथर. घरी ती त्याला अर्धाच कप चहा ओतायची. तो संपला की पुन्हा अर्धा. मधल्या वेळात दोघं साखरेबद्दल बोलायची.

खाली वाळूत कॉलेजची मुलं कबड्डी खेळत होती. लेन्स तिकडे वळली. रेणुकाने पाय रोवले, दात आवळले. जणू खांद्याने ती थरथर तिथल्या तिथे अडवता आली असती.

क्लिक. पुन्हा क्लिक.

"हलला," सुहास म्हणाला.

"मीच हलले," ती घाईने म्हणाली. "पायाला मुंग्या आल्या हो. परत काढा."

"काका, दुकानात तिसरी आहे एक. घेऊन येतो, दहा मिनिटांत," शार्दूल म्हणाला आणि हातातच असलेली गाडीची किल्ली खिशात शोधू लागला.

"थांब रे."

सुहासने लेन्स उचलली नाही. तिच्यावरचा आपला हातही काढला नाही. शार्दूलने बघावं म्हणून तो तसाच राहू दिला. रेणुका वळायला गेली, तर त्याने तिच्या डोक्याला हनुवटी टेकवून तिला थोपवलं.

"दोन्ही लेन्स चांगल्या आहेत," तो म्हणाला. "आणि ही, माझी बायको, कधीच हलली नाही. माझा हात थरथरतो."