एगोनने रंगवलेला मनोरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी मनोरा आहे. आहे म्हणायचं ते सवयीने. आता माझे सहा तुकडे शेडमागे पडले आहेत. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, एगोनच्या घरामागे मी एकतीस वर्षं उभा होतो. माझ्या डोक्यावर अँटेना होती. तिच्या जोरावर हा हौशी रेडिओवाला रोज सकाळी नऊला फेरो बेटांवरच्या योग्वानशी बोलायचा. योग्वान एकटाच राहतो. नऊचा नेम दोघांनी कधी चुकवला नाही.

एगोनचा माझ्यावर भारी जीव. दर उन्हाळ्यात तो मला तळापासून शेंड्यापर्यंत रंग द्यायचा. त्याची बायको आस्ता म्हणायची, "मला कधी एवढं नटवलं नाहीस!"

मागच्या नोव्हेंबरात वादळ झालं. मला धरून ठेवणारी एक तार तुटली, माझा एक पाय वाकला आणि वर अँटेनाची केबल निसटली. मला दुखलं नाही. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच एगोन कमरेला पट्टा बांधून आला.

"केबल जोडतो न् उतरतो. दहा मिनिटांचं काम."

"वाकलेल्यावर चढतोस? वय काय तुझं?" आस्ता ओरडली.

"एकतीस वर्षं रंगवलाय मी त्याला. मला नको सांगूस."

त्याने पहिल्या आडव्या दांडीवर पाय ठेवला. माझे पाय म्हणजे पोकळ नळ्या. त्या आतून गंजाने किती खाल्ल्या गेल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं?

आस्ताने फोन करून बोलावलेला मोगेन्स तेवढ्यात पोचला. तोही रेडिओवालाच.

"उतर आधी! योग्वानला तुझा आवाज हवाय, तुझ्या मरणाची बातमी नको."

एगोन पुटपुटत उतरला. मोगेन्सने गाडीतून वायरचं भेंडोळं काढलं, एक टोक सफरचंदाच्या झाडावर टाकलं आणि दुसरं खिडकीतून रेडिओला जोडलं. झाली अँटेना. नऊला खिडकीतून योग्वानचा आवाज आला, "आज नेहमीपेक्षा स्पष्ट येतोयस रे! काय केलंस काय?"

ते मलाही ऐकू आलं. काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात क्रेन आली. तिने आधी मला वरून धरलं, मगच उरलेल्या तारा सोडल्या. मला आडवं करून कापलं, तेव्हा वाकलेल्या पायातून तांबडं पाणी वाहिलं. एगोनने नळीला बोट लावलं, ते आरपार गेलं. पाणी निघून जावं म्हणून तळाशी एक भोक ठेवलेलं होतं. ते रंगाने पार बुजलं होतं.

"मीच बुजवलं," एगोन म्हणाला आणि ओल्या गवतात खाली बसला. आस्ता त्याच्याशेजारी बसली.

मित्रांनो, वाकलेल्या मनोऱ्यावर मायेपोटी चढू नका. आणि रंग द्या, जरूर द्या. तळाचं ते एवढंसं भोक तेवढं उघडं ठेवा.